हात लावू नको, नुसतं धर

नानांच्या हातात टेप दिसला, की आमच्या लाइनीतली लेकरं अभ्यासाला बसतात. मे महिन्यात, भर सुट्टीत, सकाळी साडेसहाला. वर्षभर आया घसा फोडून सांगतात तेव्हा न उघडणारी पुस्तकं नानांच्या गेटाची कडी वाजली की फटाफट उघडतात. मागच्या सुट्टीत शेजारचा तिसरीतला पोरगा घाईघाईत बहिणीचं बारावीचं रसायनशास्त्र मांडीवर घेऊन बसला होता. नाना दारात थांबले, पुस्तकाकडे बघितलं आणि खुश होऊन म्हणाले, "वा! केमिस्ट्री! चल, चुना कालवायचाय."

आमची लाइन सिडकोतली. सिडकोनं सत्तरच्या दशकात नवं औरंगाबाद वसवायला घेतलं, एन-एक, एन-दोन अशी सेक्टरांची नावं ठेवली आणि भिंतीला भिंत लावून छोटी छोटी घरं बांधली. घरं छोटी मिळाली म्हणून लोकांनी ती वाढवायला घेतली, आणि ते वाढवणं अजून संपलेलं नाही. 2006 साली सिडकोनं इथला कारभार महापालिकेच्या हवाली केला. छन्नी-हातोडीचा आवाज मात्र तसाच चालू राहिला. पुढं पोर्च, मागं न्हाणी, वर एक खोली, त्या खोलीवर पत्रा. बाकीचे लोक या कामाला मिस्त्री बोलावतात. नाना लेकरं बोलावतात.

नाना वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. तिशीच्या आत लागले, आता रिटायरमेंट दिसू लागली आहे. मशीन बंद पडलं की नाना, चालू असलं की नाना कशाला, असा त्यांचा तिथला मान. घरी उलट आहे. चालू असलेली कुठलीही वस्तू त्यांना बघवत नाही. वहिनींचा मिक्सर चांगला चालत होता म्हणून नानांनी तो उघडला. आता तो चालतो, पण दोन नंबरवर ठेवला की तीनच्या स्पीडनं पळतो आणि तीनवर थांबतो. वहिनी म्हणतात, राहू द्या, सवय झाली.

मिस्त्रीवर त्यांचा राग पैशाचा नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की मिस्त्री आला की घरातली लेकरं खोलीत जातात आणि मिस्त्री गेला की बाहेर येतात. भिंतीत काय घातलं, नळ कुठून फिरवला, फ्यूज कोणता कुठला, यातलं त्यांना काही कळत नाही. "घर आपलं आणि नकाशा मिस्त्रीच्या डोक्यात!" हे वाक्य नाना दर सहा महिन्यांनी बोलतात. ऐकायला ते इतकं रास्त वाटतं, की आम्ही शेजारी माना डोलावतो आणि मग आमचीच पोरं त्यांच्याकडे गहाण पडतात.

आता मदत म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. नानांच्या कामात लेकरानं करायचं काम एकच असतं: धरायचं. शिडी धर, टेपचं टोक धर, वायर धर, घमेलं धर, हा स्क्रू हातात धर आणि हरवू नको. हातोडी कुणाला मिळत नाही. ड्रिल मशीनला तर नजरही लावायची नाही. मुलं काहीतरी करून बघायला पुढं झाली की नाना म्हणतात, "हात लावू नको, नुसतं धर." हात न लावता कसं धरायचं, हा प्रश्न या लाइनीतल्या किमान दोन पिढ्यांना पडला आहे.

सगळ्यात अवघड नोकरी बॅटरी धरण्याची. पूर्वी तीन सेलची होती, आता मोबाइलची. मी एकदा त्यांच्याकडे शिडी मागायला गेलो तेव्हा सिंकखालचा पाइप बदलणं चाललं होतं. कपाटाच्या बाहेर नानांचे पाय, आत बाकीचे नाना. शेजारी आठवीतली त्यांची मुलगी फोनचा उजेड आत सोडून उकिडवी बसलेली.

"उजेड दे."

"देतेय ना पप्पा."

"मला नको देऊ, पाइपाला दे."

"पाइप दिसतच नाही, मधे तुमचं डोकं आहे."

"मग डोक्याला वळसा घालून दे."

"पप्पा, प्रकाश सरळ रेषेत जातो."

"शाळेत जात असेल. इथं काम चाललंय."

मग पाना मागितला. कोणता, असं तिनं विचारलं. "तो... तो रे... काल कूलरला लावला होता तो." काल कूलरला तीन पाने लावून झाले होते. तिनं तिन्ही पुढं केले. नानांनी आतूनच हात बाहेर काढून चाचपले, एक घेतला, दोन परत दिले आणि म्हणाले, "एवढं साधं कळत नाही?" वीस मिनिटांनी कळलं, की घेतलेला चुकीचा होता. पोरीनं काही न बोलता दुसरा पुढं केला. या सगळ्यात तिच्या चेहऱ्यावर जी शांतता होती ती मी फक्त सरकारी कचेरीत निवृत्तीला आलेल्या हेडक्लार्कच्या चेहऱ्यावर पाहिली आहे.

माझं मत विचाराल तर नानांना मदतनीस नकोच असतो. त्यांना कोणीतरी बघायला हवं असतं. कारखान्यात तीन शिफ्टांची माणसं त्यांच्याभोवती उभी राहून बघतात. घरी आल्यावर पक्कड हातात घेतली आणि बघायला कुणी नाही, हे त्यांना सोसत नाही. पण हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं पैठण तालुक्यात आहे.

नानांचं गावचं घर माळवदाचं. लाकडी तुळया, त्यावर फळ्या-काटक्या, पाला आणि वर मातीचा जाड थर, असं ते छप्पर. उन्हाळ्यात आत इतका गारवा, की पंख्याची गरज नाही. पण त्याचं एक होतं. मृगाच्या आधी दर वर्षी माळवदावर नवी माती चढवावीच लागायची. गवत उपटायचं, भेगा बुजवायच्या, माती तुडवायची, चोपून बसवायची. मोठी माणसं शेतात नांगरणी-वखरणीत अडकलेली, त्यामुळे माती तुडवणं हे लेकरांचं काम. गुडघाभर चिखलात पाच-सहा लेकरं तासन् तास नाचायची, आणि नाचता नाचता कुणी आळस केला तर पहिल्या पावसात तो बरोबर त्याच्याच अंथरुणावर गळायचा. नाना सांगतात, "मी पळालो होतो एक वर्ष. आजीनं काही म्हटलं नाही. आषाढात माझं अंथरूण तिथंच घातलं." अशा घरात वाढलेल्या माणसाला सिमेंटच्या स्लॅबखाली करमत नाही. स्लॅबला लेकरांची गरजच नाही! गळली तरी ती कुणाच्या आळसानं गळली ते सांगता येत नाही.

म्हणून नाना गरज निर्माण करतात.

मे महिन्यात परभणीहून त्यांच्या बहिणीची दोन लेकरं येतात. सगळ्या महाराष्ट्रातली लेकरं सुट्टीत मामाकडे जातात ती आंबे खायला, उशिरा उठायला आणि मामीकडून लाड करून घ्यायला. ही दोघं आली की पहिल्या संध्याकाळी मामा त्यांना पिवळं हेल्मेट देतो. भाचा अकरा वर्षांचा, भाची तेरा-चौदाची. घरची दोघं, म्हणजे मुलगी आणि सहा वर्षांचा शेंडेफळ मुलगा, ती कायम सेवेतली. शेजारचा रसायनशास्त्रवाला कंत्राटी.

नाना कारखान्यातून पगाराबरोबर पद्धतीही घरी आणतात. पोर्चमध्ये त्यांनी प्लायवूडचा एक बोर्ड लावला आहे. त्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काढलेली. पक्कड नसली की पक्कडीच्या आकाराची रिकामी जागा तुमच्याकडे बघते. लेकरांना जपानी पाच एस पाठ आहेत: सेइरी, सेइटोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. संध्याकाळी दिवा लावताना दोन्ही भाचे परवचा म्हणून हेच म्हणायला लागले तेव्हा नानांच्या आईनं आत हात जोडले आणि वहिनींना विचारलं, "हे कोणत्या देवाचं गं?"

या वर्षीचं काम होतं गच्चीला चुना मारण्याचं. हे आमच्याकडे नवं नाही. चैत्र-वैशाखात पारा बेचाळीसकडे सरकला की स्लॅब रात्री बारापर्यंत तव्यावरचा ताव सोडत नाही, आणि पांढऱ्या गच्चीखाली खोलीत फरक पडतो हे अर्ध्या शहराला माहीत आहे. चुन्याची फक्की आणायची, रात्रभर भिजवायची, गाळायची, पुसलं जाऊ नये म्हणून थोडा फेविकॉल घालायचा आणि खराट्यानं दोन हात मारायचे. मिस्त्रीनं मजुरीचे दोन हजार सांगितले होते. एका सकाळचं काम. नानांनी त्याचा प्रोजेक्ट केला.

पदं वाटली गेली. मुलगी क्वालिटी. भाची प्लॅनिंग. भाचा स्टोअर, म्हणजे खराटे, बादल्या आणि चाळणी त्याच्या ताब्यात. सहा वर्षांचं शेंडेफळ सेफ्टी ऑफिसर. त्याचं हेल्मेट नाकापर्यंत यायचं, त्यामुळे त्याला समोरचं काही दिसत नसे; याबाबतीत त्याची नेमणूक अगदी कारखान्याच्या नियमानं झाली होती असं नानांचेच एक सहकारी म्हणाले. चुना डोळ्यात गेला तर वाईट, म्हणून नानांनी सगळ्यांना पोहण्याचे गॉगल आणि रबरी हातमोजे आणले. एवढ्यापुरते ते खरोखर कडक. चुना भिजवण्याचं काम त्यांनी स्वतः रात्री केलं, ड्रमच्या चार हात अंतरावर खडूनं रेघ ओढली आणि लेकरांना तिच्यापलीकडे उभं केलं. लेकरांनी तिथून अंधार धरला.

वहिनी मात्र बिथरल्या. "भाचा म्हणजे देव असतो आपल्यात. चुकून पाय लागला तर आपण पाया पडतो त्याच्या. आणि तुम्ही त्याला घमेलं उचलायला लावता? कुठं फेडाल?"

"उचलायला नाही लावलं. धरायला लावलं."

मीही गंमत म्हणून म्हटलं, "नाना, हे बालकामगारात मोडेल हं." नाना हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रिंटआउट घेऊनच आले. 1986 चा कायदा, 2016 ची दुरुस्ती. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही. पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत त्यानं आपल्या कुटुंबाला मदत केली तर हरकत नाही, काम धोक्याचं मात्र नको. "आणि कुटुंब म्हणजे कोण, तेही लिहिलंय. आई, वडील, भाऊ, बहीण, वडलांचे बहीण-भाऊ..." इथं त्यांनी लाल पेननं मारलेल्या रेघेवर बोट ठेवलं, "आणि आईचे बहीण-भाऊ. म्हणजे मामा. संसदेनं मामा मंजूर केलाय."

"आणि तो शेजारचा?"

"तो व्हिजिटर. त्याला पास दिलाय."

खरंच दिला होता. गळ्यात अडकवलेला, मागं शिक्का मारलेला.

काम सुरू व्हायच्या आधी अभ्यासदौरा. नाना सगळ्यांना बीबी का मकबरा बघायला घेऊन गेले. तिकीट काढून लोक तिथं फोटो काढतात. नानांनी भिंतीवर टिचक्या मारल्या. "हे बघा. खाली संगमरवर. आणि कमरेच्या वर? वर दगड आणि गिलावा! चुना! घोटून घोटून असा केलाय, की साडेतीनशे वर्षांनी पण लोक ताजमहाल म्हणतात." मग मुख्य दरवाजाशी थांबवून त्यावरच्या लेखाची माहिती दिली. 1660-61 चं काम, स्थपती अताउल्ला, सोबत हंसपतराय. "आणि अताउल्ला कुणाचा पोरगा? ताजमहाल ज्यानं आखला त्या उस्ताद अहमद लाहोरीचा! बापानं लहानपणी कामाला लावलं नसतं, तर हा मकबरा उभा राहिला असता का?"

क्वालिटीनं विचारलं, "मग ताजमहाल चालला होता तेव्हा तो काय करत होता?"

"बापाला मदत."

"म्हणजे मशाल धरून उभा असणार."

परभणीची भाची जरा वेळानं म्हणाली, "म्हणून तर मामा, बापाच्या गावापासून एवढ्या लांब येऊन बांधलं त्यानं." नाना यावर काही बोलले नाहीत. त्यांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला.

कामाला मुहूर्त नळानं दिला. आमच्या शहरात तो तोच देतो. पैठणचं नाथसागर धरण इथून पन्नासेक किलोमीटरवर, पण ते तुडुंब असलं तरी आमच्या नळाला पाणी दिवसांच्या हिशेबानं येतं. लग्नाच्या तारखा, धुणं, पाहुणे, सगळं पाण्याचा वार बघून. गच्ची धुवायला पाणी हवं, म्हणून आदल्या दिवशी पाणी आल्यावर ड्रम भरून घेतले. एवढ्यावरून नानांना मलिक अंबर आठवला. चारशे वर्षांपूर्वी ज्यानं खडकी, म्हणजे हेच शहर, वसवलं त्यानं डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीनं शहरात आणलं, हे इथल्या प्रत्येक माणसाला माहीत असतं आणि नळ कोरडा असला की प्रत्येकजण ते दुसऱ्याला सांगतो. नानांनी ते लेकरांना सांगितलं. स्टोअरनं विचारलं, "मामा, मग ते पाणी कामून येत नाही आता?" यावर नाना म्हणाले, "मेंटेनन्स."

पहाटे साडेपाचला टूलबॉक्स टॉक. म्हणजे कामाआधी दहा मिनिटं सर्वांनी गोलात उभं राहून आजचे धोके ऐकायचे. नाना बोलायला लागले की दहाचे चाळीस होतात. अहमदाबादेत 2010 ला उन्हाची भयंकर लाट आली, माणसं मेली, मग 2013 पासून त्या शहरानं उन्हाळ्यासाठी आराखडा केला आणि पुढं गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग द्यायला घेतला, इथपर्यंत ते आले. तोवर सेफ्टी ऑफिसर हेल्मेटात झोपला होता. उभ्या उभ्या.

पावणेसातला भाचीनं हात वर केला. प्लॅनिंग म्हणून नव्हे, प्रतिनिधी म्हणून. रात्री चौघांनी गच्चीवर बसून मागण्या लिहिल्या होत्या. रोज बर्फाचा गोळा. दुपारी एक ते चार काम नाही. एकदा तरी हातोडी. आणि 'एवढं साधं कळत नाही?' हे वाक्य बंद. मागण्या मान्य होईपर्यंत कुणी काही धरणार नाही.

नाना चिडतील असं आम्हाला वाटलं. मी शेजारच्या गच्चीवरून चहा पीत बघत होतो. नानांचा चेहरा फुलला. ते स्वतः वाळूजला कित्येक वर्षं युनियनचे कमिटी मेंबर होते, हे लेकरं विसरली होती. त्यांनी मागणीपत्र वाचलं आणि म्हणाले, "लिहिता येत नाही तुम्हाला. गोळा कशाला मागता? कुल्फी मागा, मग मॅनेजमेंट गोळ्यावर येतं. आणि हातोडी शेवटी मागायची असते. पहिल्यांदाच मागितली की तेवढीच नाकारून बाकीचं गुंडाळतात." खाली बसून त्यांनीच नवं मागणीपत्र लिहून दिलं, मग उठून उभे राहिले, ते मॅनेजमेंट म्हणून वाचलं आणि कठोर चेहऱ्यानं अर्ध्याहून जास्त मागण्या फेटाळल्या. घासाघीस झाली. वहिनी कँटीनच्या वतीनं मधे पडल्या. कुल्फी ठरली, दुपारची सुट्टी ठरली, हातोडी विचाराधीन. वाक्याबद्दल मॅनेजमेंटनं खेद व्यक्त केला. सगळ्यांच्या सह्या झाल्या, टाळ्या झाल्या. क्वालिटीला वाचायची सवय, तिनं सहीनंतर वरची ओळ वाचली: 'हा करार तीन वर्षांसाठी लागू राहील.'

"पप्पा! तीन वर्षं?"

"वाळूजला तसाच असतो."

त्या सकाळी ऊन चढलं होतं म्हणून काम दुसऱ्या दिवसावर गेलं. दुसऱ्या दिवशी मात्र नाना वेळेवर होते. खराटा त्यांच्या हातात, बादली भाचा धरून, दुसरी बादली कंत्राटी धरून, मुलगी मागून सुटलेले डाग दाखवणार, भाची घड्याळ बघणार. चुना बघायला अगदी देखणा असतो. ओला असताना काहीच दिसत नाही, नुसतं दुधाळ पाणी. वाळायला लागला की गच्ची कडेकडेनं पांढरी होत येते. मुलं हे बघण्यात गुंगली. नानांना असा तन्मय प्रेक्षकवर्ग कधी मिळालेला नव्हता. त्यांनी हात सैल सोडला, खराटा लांब लांब फिरवला, मधेच थांबून कपाळ पुसलं, पुन्हा झोकात फिरवला. एक पट्टा, दुसरा पट्टा, मागं सरकत, मागं सरकत ते पार पलीकडच्या कठड्याला जाऊन टेकले. त्यांच्यासोबत बादल्या, खराटे आणि सगळा स्टाफ.

सुरुवात त्यांनी जिन्याच्या दारापासून केली होती.

आता दार त्या टोकाला, माणसं या टोकाला आणि मधे सहाशे चौरस फूट ओला चुना. साडेआठ वाजलेले. ऊन वर यायला लागलेलं. पाण्याचा तांब्या दाराशी. सेफ्टी ऑफिसर तेवढा वाचला, कारण तो दाराच्या आत झोपला होता. खालून वहिनींनी पोहे झाल्याची हाक मारली.

क्वालिटी म्हणाली, "मी कायझेनच्या सूचनापेटीत चिठ्ठी टाकली होती. आतून सुरू करून दाराकडं यायचं म्हणून."

"पेटी शनिवारी उघडतात," नाना म्हणाले.

लाइनीतली घरं भिंतीला भिंत लागून असल्याचा फायदा अशा वेळी होतो. कठडा ओलांडला की आमची गच्ची. मी पुढं होऊन एकेकाला हात दिला. नाना शेवटी आले, बुडत्या जहाजाच्या कप्तानाचा मान राखून. मग पांढऱ्या पायांची ही वरात आमच्या जिन्यानं, आमच्या हॉलमधून, आमच्या पोर्चमधून खाली उतरली. आमच्या फरशीवर लहान-मोठ्या पावलांची रांग उमटली, थेट दारापर्यंत. बायको म्हणाली, लक्ष्मीची पावलं आत येताना काढतात, ही बाहेर जाताना निघाली.

दुसरा हात आतून दाराकडे मारला गेला. त्या वेळी पावसाळी पाइपाच्या तोंडाला बोळा कोंबायचं राहिलं आणि थोडा चुना एका शेजाऱ्याच्या काळ्या गाडीवर उतरला. ती कुणाची, ते सोडून देऊ. गाडी धुण्याचे पैसे नानांनी तिथल्या तिथं दिले. संध्याकाळी भाचीनं हिशेब मांडला. चुना आणि फेविकॉल यांचा खर्च सगळ्यात कमी होता. गॉगल, हातमोजे, प्रत्येकाला एक याप्रमाणे खराटे, उसाचा रस, मकबऱ्याची तिकिटं, रिक्षा, कुल्फ्या, गाडी. बेरीज चार हजारांच्या वर गेली. मिस्त्रीचे दोन हजार तिनं खाली लाल अक्षरात लिहिले. नाना बराच वेळ कागद बघत होते. मग म्हणाले, "यात ट्रेनिंगचा खर्च वेगळा दाखव. तो भांडवली धरतात."

एवढं मात्र कबूल केलं पाहिजे, की नानांची वरची खोली त्या रात्री खरोखर निवली. दोन्ही भाचे, घरची दोघं आणि पास असलेला व्हिजिटर, सगळे तिथंच झोपले. रात्री उशिरापर्यंत वरून हसण्याचे आवाज येत होते. भाचा मामाची नक्कल करत होता, "डोक्याला वळसा घालून दे." त्यात एक जाड, मोठ्या माणसाचंही हसू होतं, असं बायको म्हणते. मला ऐकू आलं नाही.

हातोडीचा विषय सुट्टीच्या शेवटापर्यंत विचाराधीन राहिला. लेकरं परभणीला जायच्या आदल्या दिवशी नानांनी भाचीला बोलावलं, पोर्चच्या भिंतीवर पेन्सिलीनं फुली मारली आणि हातोडी दिली. खिळा नानांनी धरला. पहिला घाव अंगठ्यावर बसला. नाना ओरडले नाहीत, डोळ्यांत पाणी आलं तेवढंच. दुसरा घाव खिळ्यावर बसला, तिसरा, चौथा. आज त्या खिळ्यावर व्हिजिटर पास अडकवलेला असतो.

जूनमध्ये परभणीहून दाजींचा फोन आला. नानांनी स्पीकर लावला, कारण भाच्यांचं कौतुक ऐकायला घरातलं कुणी चुकायला नको.

"नाना, काय शिकवलंत लेकरांना? मी हॉलमधला पंखा बदलायला घेतला तर पोरगं म्हणतं, आधी मेन स्विच बंद केल्याचं दाखवा. पोरगी स्टुलावर चढली आणि बॅटरी माझ्या हातात दिली. वर मलाच म्हणती, पप्पा, उजेड मला नको, वायरीला द्या."

नानांनी आमच्याकडे बघितलं. छाती दोन इंच पुढं.

"लागला का पंखा?"

"लागला की."

"फिरतोय?"

"फिरतोय. पण उलटा."

"कंडेन्सरची वायर बदलली असणार. थांबा, सोपं आहे. व्हिडिओ कॉल लावा. फोन पंख्याकडं करा... वर... अजून वर... दाजी, हलवू नका हो, हात लावू नका कशाला, नुसतं धरा."